शेवटच्या गाण्याचा अर्थ

फोन आला तेव्हा मी लिफ्टच्या छतावर उभा होतो. दोर बदलायचं काम चाललं होतं, दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले. फोन खिशात वाजत राहिला, मी वाजू दिला. आमच्या धंद्यात हातातलं काम सोडून फोन घेत नाहीत.

खाली उतरल्यावर मी उलटा फोन लावला. पलीकडे धाकटी होती. धाकटी म्हणजे गायिका; माझी बायको तिला पियानोची साथ करायची. ती आमच्या नात्यातली नाही, पण माझ्या बायकोला ताई म्हणायची आणि मला भाऊजी, म्हणून आम्ही तिला धाकटी म्हणायचो. त्या दिवशी दोघींची सभागृहात तालीम होती.

"भाऊजी, तुम्ही आधी इकडे या."

"का गं? स्टूल मोडलं का?"

तिने नुसतं ‘या’ म्हणून फोन ठेवला. तेव्हा मला कळलं.

मी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. हिला सोफ्यावर निजवलं होतं, चष्मा कोणीतरी घडी घालून उशाशी ठेवला होता. धाकटी पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "शेवटचं गाणं घ्यायचं होतं, भाऊजी. ताईंनी माझ्याबरोबर श्वास घेतला, नेहमीसारखा. मी गायला लागले आणि पियानो आलाच नाही."

गाणाऱ्याबरोबर श्वास घ्यायची ही हिची रीत. गायचं दुसऱ्याने, पण दम हिचाही तेवढाच लागायचा. पियानोचं मोठं झाकण पूर्ण उघडं होतं. तीही हिचीच रीत.

झाकणावरून हिने आयुष्यभर भांडणं केली. पियानोचा आवाज गाण्यावर चढू नये म्हणून साथ करणारे झाकण लावतात किंवा जरासंच उघडतात. ही सताड उघडायची. एका नामवंत गायकाने ऐन कार्यक्रमाआधी झाकण लावा म्हणून हट्ट धरला होता. ही म्हणाली, "तुम्ही तोंडावर रुमाल धरून गाता का? मग मीही झाकण लावणार नाही. तुमचा शब्द बुडाला तर मला सांगा." शब्द बुडाला नाही. झाकण उघडं ठेवून ही इतकं हळू वाजवायची की मागच्या रांगेतल्या माणसाचा खोकला मोठा वाटायचा. आणि स्टुलाची करकरही. म्हणून हिचं स्टूल मी लिफ्टच्या जुन्या स्क्रूवर बसवून दिलं होतं. ते कधी करकरलं नाही.

आमची ओळखही अशाच हट्टातून झाली. हिचा पियानो लिफ्टमध्ये मावणार नाही, हे सांगायला मी गेलो होतो.

"मग जिन्याने न्या," ही म्हणाली.

"बाई, हे लिफ्टवाल्याचं काम नाही."

"तुम्ही नुसते पुढे उभे राहून सांगा, कुठे वळायचं ते."

तेव्हा ही नुकतीच मोठी स्पर्धा जिंकली होती. एकटीने वाजवायची निमंत्रणं येत होती, फोटो छापून येत होते. ते सगळं सोडून ही फ्रेंच गाण्यांच्या मागे लागली. एक माणूस गाणार, एक पियानो वाजवणार, दोन-तीन मिनिटांत गाणं संपणार. ऐकायला जेमतेम चार टाळकी. लोक म्हणायचे, एवढी हुशार बाई साथीला बसते. ही म्हणायची, "मी मागे बसत नाही, शेजारी बसते." पत्रिकेत आपलं नाव गायकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत छापायला लावायची. छापखान्यात स्वतः जाऊन बघून यायची. हळूहळू चार टाळक्यांची सभागृहं भरायला लागली. धाकटीसारखे कितीतरी गाणारे हिने घडवले.

प्रत्येक गाण्याआधी ही उभी राहून साध्या शब्दांत अर्थ सांगायची. तो अर्थ आधी माझ्यावर तासून घ्यायची, स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता.

"एक बाई जेवणानंतर टेबलावरची चादर झटकते. चिमण्या येतात. ज्याच्यासाठी पान मांडलं होतं तो आलेला नसतो. कळलं?"

"मग अन्न कोणी खाल्लं?"

"अहो, तेच तर गाणं आहे!"

"मग चिमण्यांचं आधी नको सांगूस. तो आला नाही, हे आधी सांग."

ही सुरी खाली ठेवून विचार करायची. म्हणायची, "तुम्हाला कळलं की सगळ्यांना कळतं."

"म्हणजे मी सगळ्यांत ढ."

"तुम्ही उगीच मान हलवत नाही. बाकीचे हलवतात."

त्या सकाळीही चहा घेताना मी विचारलं होतं, शेवटच्या गाण्याचं काय? ते नवीन होतं. ही म्हणाली, "ते संध्याकाळी सांगते. घाईत सांगायचं नाही ते."

"मग लिफ्ट बंद ठेवून बसू का?"

"बसा," म्हणाली आणि हसत गेली.

कार्यक्रम महिन्यावर आला होता. सभागृहाचे व्यवस्थापक घरी आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "कार्यक्रम करू, पण आता बाई नाहीत, समजावून कोण सांगणार? त्यापेक्षा ओळखीची गाणी ठेवू. श्रद्धांजली होईल."

मी म्हणालो, "गाणी हीच होतील. नाहीतर तिचं नाव लावू नका."

वाजवायला हिची जुनी विद्यार्थिनी तयार झाली. अर्थाचा प्रश्न राहिला. धाकटी म्हणाली, "मी बोलून गायले तर माझा आवाज लागत नाही. भाऊजी, तुम्ही सांगा."

"वेडी आहेस का? मला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नाही."

"ताईंनी सांगितलंय तेवढं सांगा."

त्या दिवशी सभागृह भरलं होतं. विद्यार्थिनीने माझ्याकडे बघितलं, "काका, झाकण?"

"पूर्ण."

मी सदरा इस्त्री करून घातला होता. उभा राहून चादरीचं सांगितलं, दुसऱ्या गाण्यातल्या नावाड्याचं सांगितलं, हिने सांगितलं होतं तसं. दोन ठिकाणी लोक हसले, हिच्या वेळी हसायचे तिथेच. धाकटी गायली. हिच्या तालमीत तयार झालेला आवाज, त्याबद्दल मी काय लिहू.

शेवटच्या गाण्याला मी पुन्हा उठलो. म्हणालो, "ह्याचा अर्थ ती मला त्या संध्याकाळी सांगणार होती. मला माहीत नाही." आणि खाली बसलो.

विद्यार्थिनीने धाकटीबरोबर श्वास घेतला. मला पहिल्या रांगेत तो ऐकू आला. मग पियानो आला.

गाणं संपलं. मग सगळे उभे राहिले.

बाहेर पडताना धाकटी म्हणाली, "भाऊजी, सांगू का अर्थ?"

"आज नको गं," मी म्हणालो.

स्टूल मी घरी आणून पियानोपुढे ठेवलं. धाकटी अधूनमधून येते, चहा घेते, हिच्या गोष्टी काढते. त्या गाण्याचा अर्थ तिला विचारायचा अजून राहिला आहे.