माझा पोरगा नवसाचा नव्हता

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहून वेळ मोठ्यानं म्हटली, बाटलीवर लिहिली आणि माझ्या मानेतून रक्त काढलं. तिथूनच सगळं सुरू झालं. मी तांबडी, चंद्रपूरकडच्या सावली गावाजवळच्या एका खेड्यातली बकरी बोलते आहे.

माझी मालकीण कमळा. तिचा नवरा वारलू कामासाठी माजरीला राहतो. घरी कमळा, तिची लहानगी दिव्यानी आणि सासरे दादाजी.

डॉक्टरबाईंचं नाव संघप्रिया. त्या सावलीच्याच. त्यांची आई अंजनाबाई बकऱ्या पाळायची. एका पावसाळ्यात पोटातल्या जंतांनी सगळ्या बकऱ्या मेल्या, एकच जगली. हीच काऊन जगली, असं पोरीनं विचारलं. आई म्हणाली, नशीब. पोरीला ते पटलं नाही. तेवढ्या एका प्रश्नापायी ती नागपूरला जाऊन जनावरांची डॉक्टर झाली. मग कुठं कुठं दूरच्या प्रयोगशाळांत उंदरांच्या रक्तात तिनं उमर घातली. अंग जंतांशी कसं भांडतं, भांडायची ती ताकद आईकडून पिलात कशी उतरते, हेच शोधत बसली. केस पिकल्यावर परत आली. औषधांना जंत सरावलेत, आता रक्तातच उपाय पाहायचा, असं ती कमळाला सांगायची.

दर महिन्याला बाई यायच्या. माझी खालची पापणी ओढून पाहायच्या. आतून लाल दिसली की खूश. पांढरी असली म्हणजे जंत रक्त पिऊन राहिलेत. मग जंतांची अंडी मोजायला माझ्या लेंड्या पिशवीत भरून न्यायच्या. दादाजींना मोठी गंमत वाटायची.

"एवढी शिकली अन् लेंड्या येचून राह्यली. शिकली नसती तं काय येचलं असतं?"

बाई हसायच्या. "दादाजी, तुमच्याच कोठ्यात सोनं हाय."

सोनं म्हणजे माझा पोरगा. काळा, कपाळावर पांढरा ठिपका. तो जन्मला त्या साली पावसाळ्यात जंतांपायी गावातल्या बकऱ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलं, एकेक पडत गेली. माझ्या पोराची पापणी लालच. बाई म्हणाल्या, जन्मभर ज्याला शोधलं तो हाच. याची पिल्लंही अशीच निघतील. मोठा झाला की पैदाशीसाठी चंद्रपूरला नेऊ, तोवर विकू नको, कापू नको. कमळानं कबूल केलं. तपासणीसाठी बाईंनी त्याचंही रक्त घेतलं आणि डाव्या कानाचा इवलासा तुकडा चिमट्यानं काढला. गोल भोक पडलं. तो ओरडला तेव्हा मी दोरीला हिसके मारत होते.

आता आमच्याकडे देवीला बोललेल्या बोकडाचा कान कापून ठेवतात. कान कापलेला दिसला की तो देवीचा. संघप्रियाबाईंच्या घरी नवस करत नाहीत, त्यांच्या हे ध्यानातच आलं नाही. कमळाच्या ध्यानात आलं होतं, पण एवढ्या शिकल्या बाईला आपण काय सांगावं, म्हणून ती गप्प राहिली.

पोळा झाला आणि दिव्यानीला ताप भरला. दवाखान्याचं औषध दिलं की उतरायचा, पुन्हा चढायचा. तेव्हा दादाजींना तो कान दिसला. सूनबाई, देवीचं ठेवून राह्यलीस अन् लेकरू तापून राह्यलं, असं ते बोलले. कमळानं सांगितलं की कान डॉक्टरबाईनं तपासायला कापला.

"कापला कोनी का असंना," दादाजी म्हणाले. "देवी कान पाह्यते, हात नाई पाहत."

कमळानं बाईंना फोन लावला. लागला नाही. लेकरू मांडीवर घेऊन ती माझ्या पोराकडे पाहत बसली. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही. मीही आई आहे, मला तिचा राग करता येत नाही. तिनं स्वतःच दोरी सोडली. पाल्याची डहाळी पुढं धरली, आणि तो रोजच्यासारखा तिच्या मागं मागं देवीच्या देवळाकडे गेला.

बाई गाडी घेऊन आल्या तेव्हा खुंटा रिकामा होता. कमळा दारात दिव्यानीला कडेवर घेऊन उभी.

"बाई, लेकराचा ताप उतरत नोयता. मी काय करू?"

बाई खुंट्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग विचारलं, "आता कसा हाय ताप?"

"उतरला."

"बरं झालं." मग हळूच म्हणाल्या, "भोक पाडाच्या आधी मी तुले इचाराले पायजे होतं."

त्या दिवशी त्यांनी माझी पापणी पाहिली नाही. नुसत्याच माझ्याजवळ बसून राहिल्या.

यंदा बाईंची नोकरी संपते. माझ्या पोराचं रक्त चंद्रपूरच्या थंड कपाटात एका बाटलीत आहे म्हणतात. पण बाटलीला पिल्लं होत नाहीत. मी म्हातारी झाले, मलाही आता होणार नाहीत.

पण आजूबाजूच्या गावांत बाईंनी आणखी पिलांचे कान टोचलेत. ती अजून कुणाकुणाच्या दारात बांधलेली आहेत आणि जत्रा जवळ आली आहे. बाया-माणसांनो, डाव्या कानात गोल भोक दिसलं तर ते पिल्लू कुणी देवीला बोललेलं नाही. ते तपासणीचं भोक आहे. घरात लेकरू तापलं असेल तर लेकराला मोठ्या दवाखान्यात न्या, पिलाला खुंट्यालाच राहू द्या. एवढं शेजारच्या गावात सांगा, आणि त्यांना म्हणावं, पुढच्या गावात सांगा.