बाबांच्या वतीने बोलणारा बोर्ड

मी एका छोट्या कॉम्प्युटरचा जुना बोर्ड आहे, मित्रांनो, तळहातावर मावेन एवढाच. हिरवा रंग, चार भोकं आणि एका कोपऱ्यात तपकिरी डाग. त्या डागाला नाक मुरडू नका, त्याच्यामुळेच तर मी इतकी वर्षं जगलो.

कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने बनले. मी आलो एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या टेबलावर. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. एकदा माझी मेमरीची चिप जळाली. दुसऱ्या कुणी मला सरळ भंगारात टाकलं असतं. बाबांनी ती चिप गरम करून उचलली, एका मोडक्या बोर्डावरची काढून माझ्यात बसवली आणि जळकी पत्र्याच्या डबीत टाकली. डाग तेव्हाचा.

बसवलेली चिप होती जरा मंद. आता वीज आली की मला आधी जागं करतं ते फर्मवेअर, म्हणजे एक छोटा प्रोग्राम. माझा तर देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा असा. बाबांनी तो वाचत वाचत त्यातले मेमरीच्या वेगाचे आकडे या मंद चिपला जुळतील असे बदलले. "हिला पळवायचं नाही हं, दमाने घ्यायचं," असं मलाच बजावलं. तेव्हा बाबा बोलत होते. भिंतींशीसुद्धा बोलत.

मग तो आजार आला. वाचा गेली, हात गेले. उरले डोळे आणि एक बोट. त्यांच्या लेकीने मला पडदा, बटण आणि स्पीकर जोडून त्यांच्या उशाशी ठेवलं. पडद्यावर अक्षरं एकेक करून सरकत, हवं ते आलं की बाबा बोट दाबत, वाक्य झालं की मी मोठ्याने बोलत असे. पहिलंच वाक्य होतं, "चहात साखर घाला. मी आजारी आहे, गुन्हेगार नाही." लेकीची आई हसता हसता रडली. येणारा-जाणारा माझं कौतुक करी. खरं सांगतो, मला केवढा अभिमान वाटायचा!

पण सुरू व्हायला मला फार वेळ लागे. वीज गेली की बाबा ताटकळत पडून राहत, आणि लेकीला ते बघवत नसे. लहानपणापासून तिला दम कसला तो नाहीच. बाबांनी तिचं नावच घाईबाई ठेवलं होतं.

एके दिवशी ती आली ती हरखूनच. "बाबा, नवीन फर्मवेअर आलंय. चुटकीसरशी सुरू होईल बघा. घालू ना?"

बाबांचं बोट हललं. अक्षरं उमटू लागली. लिहिलेलं अक्षरन् अक्षर जपून ठेवायची माझी सवय आहे, तेव्हाही मी ठेवत होतो. "अहो बाबा, नंतर सांगा. आत्ता देते परत," म्हणत तिने मला बंद केलं. जुन्या फर्मवेअरची प्रत काढून ठेवायची असते, हे ती सगळ्या जगाला सांगत असे. स्वतः मात्र त्या दिवशी विसरली.

नवीन फर्मवेअर घातलं, आणि मी सुरूच झालो नाही.

तिने माझ्या कडेला तारा जोडल्या. जागा होताना मी ओळीओळीने काय सांगतो ते त्यांतून वाचता येतं. "मेमरी तपासत आहे," एवढं मी म्हणे आणि तिथेच अडे. तिने पुन्हा जुनं फर्मवेअर मिळवून घातलं, तेही मूळ चिपसाठीचं, तेव्हा तसंच अडलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. फर्मवेअर लिहिणाऱ्यांना तिने विचारलं. कुठल्याशा दूरच्या माणसाने आपुलकीने विचारलं, "मेमरी मूळचीच आहे ना? एकदा बघून घ्या."

"हो हो, कारखान्यातून आलाय तसाच आहे," तिने न बघताच कळवलं.

अख्ख्या घरात कारण एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याचं बोलणं माझ्यात अडकलेलं. बाबा नुसते टेबलाच्या खणाकडे बघत. "पाणी हवंय? कूस बदलू?" आई विचारी. डोळे खणावरच. शेवटी तिने खण उघडला. "अहो, यात काय आहे आता? तुमचं भंगार!" आणि लावून टाकला. बाबांनी डोळे मिटून घेतले. माझा जीव तुटत होता, पण मी मुका.

मी दुरुस्त व्हायच्या आत बाबा गेले. न बोलता गेले.

पुढे आई तो खण रिकामा करू लागली, तेव्हा पत्र्याची डबी लेकीच्या हाती आली. आत जळकी चिप. तिने बाबांचं भिंग उचललं, माझ्या डागावर धरलं आणि तिथली चिप बदललेली तिला दिसली. "आई, ते हेच दाखवत होते गं."

मग तिने बसवलेल्या चिपवरचा नंबर वाचला, तिचे आकडे शोधले आणि दमाने, एकेक तपासत फर्मवेअरमध्ये भरले. मी जागा झालो, तसाच पहिल्यासारखा रेंगाळत. या वेळी ती हूं की चूं न करता बसून राहिली. पडदा उजळला आणि जपून ठेवलेली बाबांची ओळ वर आली.

"काय लिहिलंय गं?" आईने विचारलं.

लेकीला वाचवेना. तिने बटण दाबलं, आणि मी बोललो, "घाईबाई, थांब. त्यात मी आकडे बद"

"पुढे?" आई म्हणाली.

"पुढचं मी लिहू दिलं नाही."

मित्रांनो, मी आता कपाटात असतो. अधूनमधून लेक मला सुरू करते, ती ओळ ऐकते आणि ठेवून देते. तुमच्या घरातही कुणी अडखळत, सावकाश बोलणारं असेल. त्याचं वाक्य तेवढं पुरं होऊ द्या. बाबांना फक्त चारच अक्षरं आणखी हवी होती.