माळेनं उतरलेली कावीळ

धाड गावच्या बाजारात मांडव पडला की मंडळी आधी एवढंच बघत, टोपी वाटतायत की पिशवी. बीटी कपाशीचं बियाणं विकणाऱ्यांनी गावाला ती चटक लावून ठेवली होती. त्या साली बोंडअळीनं बीटीचीही बोंडं पोखरली आणि टोप्या वाटणारे गावात तोंड दाखवीनासे झाले. म्हणून मांडव दिसताच रंगराव आपल्या दोस्ताला, शकूरला, ओढत घेऊन गेला. बियाणेवाले सापडले तर त्यांना चार शब्द सुनावायचे होते.

पण मांडव त्यांचा नव्हता. फलकावर 'स्वादुपिंडाच्या कर्करोगाविषयी जनजागृती' असं लिहिलं होतं. गावाला एक पिंड ठाऊक महादेवाची आणि एक दहाव्याचा. हा तिसरा कुठला, असं रंगरावनं मोठ्यानं विचारलं आणि मागच्या रांगा हसल्या. मग चहा फुकट आहे असं कळलं, तेव्हा दोघे बसले.

शकूर गाद्या भरायचा, ते पोटासाठी. त्याचं नाव होतं काविळीच्या माळेसाठी. ओल्या मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात बांधून केलेली ती माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. ती लांबत लांबत गळ्यात यायची, मग छातीवर. जितकी माळ उतरली तितकी कावीळ उतरली, असा हिशेब. बापाकडून आलेलं काम, त्याचा पैसा घ्यायचा नाही. त्या माळेपायी लोक त्याला मान देत आणि त्या मानावर शकूरचा फार जीव होता.

त्याच साली दसऱ्याच्या सुमाराला रंगरावचे डोळे पिवळे झाले होते, तेव्हा शकूरनं त्याला माळ घातली. माळ झरझर उतरली. पिवळेपणा मात्र गेला नाही, म्हणून दुसरी घातली. शिवाय पथ्य होतंच. तेल बंद, हळद बंद, नुसती भाकरी, मुळ्याचा पाला आणि उसाचा रस. रंगरावची बायको सत्यभामाबाई पथ्याची इतकी कडक की दिवाळीतही तिनं नवऱ्याला करंजी दिली नाही. रंगराव वाळत चालला होता. माणूस पथ्य पाळतो म्हणूनच वाळतोय, असं सगळे कौतुकानं म्हणत. शकूरही म्हणत होता.

मांडवात शहरातून आलेली डॉक्टरीण बोलायला उठली. बोलणं साधं, समजेल असं. पोटात जठराच्या मागं एक अवयव असतो, त्याचा कर्करोग मुकाट्यानं वाढतो, असं तिनं सांगितलं. कधीकधी ताप नाही, दुखणं नाही, नुसते डोळे पिवळे होतात. अंगाला खाज सुटते, वजन घटतं, शौच पांढरट होतं. असं असेल तर माळ घालून, पथ्य पाळून दिवस घालवू नका. मुळ्या सुकल्या की आकसतात, दोरा सैल पडतो आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबते.

लोक हसले. शकूर हसला नाही. त्याच्या घरी उरलेल्या माळा खुंटीलाच टांगलेल्या असत आणि त्या लांबलेल्या त्यानं जन्मभर पाहिल्या होत्या. पाहूनही त्यावर विचार करायचा नाही, हे त्यानं फार पूर्वीच ठरवून टाकलं असावं. शेजारी रंगराव दंड खाजवत बसला होता.

कार्यक्रम संपायची वाट न बघता शकूरनं त्याला डॉक्टरणीपुढं उभं केलं. तिनं पोट दाबून पाहिलं, कधीपासून म्हणून विचारलं, आणि उद्याच्या उद्या शहरात यायला सांगितलं. तिथं कळलं की रोग यकृतात पसरलाय, कापून काढता येण्यापलीकडं गेलाय. खाज थांबावी म्हणून पित्ताच्या वाटेत नळी टाकता येईल, तेवढंच हातात आहे. दसऱ्याला आला असता तर? शकूरनं विचारलं. तेव्हा कदाचित, असं डॉक्टरीण म्हणाली. तेवढा एक शब्द घेऊन तो घरी आला. त्यानंतर त्याला अन्न गोड लागलं नाही.

नळीनं रंगरावचे डोळे पांढरेशुभ्र झाले. झालं, गावाला तेवढं पुरलं. कावीळ शकूरभाईच्या माळेनं उतरली आणि कर्करोग झाला तो कपाशीवरच्या फवारणीनं, असं चहाच्या टपरीवर ठरूनही गेलं. शकूर दारोदार नळीचं सांगत सुटला, तर लोकांना त्याचा मोठेपणाच वाटला. त्यानं माळ देणं बंद केलं, मुळ्या नाल्यात फेकल्या. तरी माणसं येतच राहिली.

शेवटी तो रंगरावच्या बाजेपाशी जाऊन बसला.

"तू तरी खरं सांग बे लोकाईले. नळीनं उतरली म्हून."

"नळी कोनाले दिसते? माळ साऱ्यांनी पाह्यली." रंगरावला बोलताना धाप लागत होती. "मी तं मरूनच राह्यलो. आता तुले काऊन मारू? लोक म्हनतीन शकूरनं दोस्ताले खाल्लं. ते मले नाही चालत."

त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर शकूरला मोकळा श्वास घेता आला असता. त्या प्रेमापुढं मात्र त्याचा काही इलाज चालेना. रंगराव येईल त्याला माळेचे गुण सांगत राहिला आणि संक्रांतीच्या आधी गेला.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर रंगरावचा साडू, धामणगाव बढे गावचा कडूबा, शकूरपाशी येऊन अदबीनं उभा राहिला. त्याचे डोळे पिवळे होते. रंगरावनं त्याला फोनवर बजावून सांगितलं होतं, माळ घ्यायची तर शकूरचीच. तेरवीला यायचंच होतं, म्हणून तो इतके दिवस थांबला होता.

"दुखते का काही?" शकूरनं विचारलं. त्याची नजर कडूबाच्या सैल पडलेल्या कॉलरवर होती.

"नाही ना. दुखत नाही, तेवढं बरं हाय."

शकूरनं त्याचा हात धरला आणि सगळं सांगितलं. खुंटीवरच्या माळा, नळी, डॉक्टरीण, सगळं. "जाताना बुलढाणा लागते, तिथं मोठ्या दवाखान्यात उतरा. आजच्या आज. हे माळ खोटी हाय, कडूबाभाऊ. माह्या माळेपायी रंगराव गेला." बोलता बोलता तो रडायला लागला.

कडूबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शकूरच्या पाठीवरून हात फिरवला.

"भावासारखा दोस्त गेला तुमचा. अशात मनुष्य कायबी बोलते. आता नका देऊ तुम्ही माळ, मी होळी झाल्यावर येतो," तो म्हणाला. "तोपर्यंत पथ्य सांभाळतो."