ऐकू आलं

कानावरचा हेडफोन गळ्यात ओढून तो ढिगाऱ्यावरून उतरला आणि थेट दोरीपाशी आला. दोरीपलीकडे पन्नासेक माणसं परवापासून मोठ्यानं प्रार्थना म्हणत होती. पाळ्या लावून, खंड पडू न देता.

“काका, दहा मिनिटं थांबवा,” प्रार्थना चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांना तो म्हणाला. “जमिनीतून सगळं यंत्रात येतं. खालचं काही ऐकूच येत नाही.”

“तुमच्या यंत्राला देवाची अडचण होते?”

“देवाची नाही हो. आवाजाची.”

चष्म्याच्या काचा घासण्याचा तो तीन मजली कारखाना परवा भर दुपारी बसकण मारल्यासारखा खाली आला होता. आत सतरा जण होते. अकरा काढले होते, त्यांतले चार जिवंत. फटींमध्ये यंत्राची टोकं रोवून खाली कुणी आहे का ते ऐकायचं, हे त्याचं काम. पथकात सगळे त्याला कानवाला म्हणत. प्रत्यक्ष देव समोर आला तरी हा आधी आवाज काढून दाखव म्हणेल, अशी त्याची चेष्टा चालायची, आणि तोही हसून मान डोलवायचा. जे ऐकू आलं नाही, ते त्यानं पंधरा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

“थांबवू नका,” गर्दीतून एक बाई पुढे आली. इस्पितळातल्या धुलाईघराचा निळा डगला अजून तिच्या अंगात होता. परवा कामावरून उठून आली ती तशीच. घसा बसलेला. “माझी मुलगी त्या कोपऱ्यात बसते. खिडकीपाशी. आम्ही एक क्षण खंड पडू दिला नाही. त्यावरच तग धरून असेल ती. तुम्ही थांबवलंत, आणि तेवढ्यात काही झालं तर?”

यावर द्यायचं उत्तर त्याला पाठ होतं. ते त्यानं बाजूला ठेवलं.

“ताई,” तो म्हणाला, “ती हाका मारत असेल तर?”

 बाईनं वळून दोन्ही हात वर केले. आवाज ओसरत गेला. कुणाचं तरी बाळ रडलं, त्याला घेऊन कुणीतरी लांब गेलं. ती मात्र तिथेच खाली बसली आणि डगल्याची बाही दातांत धरून तिनं डोळे मिटले.

खिडकीच्या कोपऱ्यात त्यानं ढिगाऱ्यातून वर आलेल्या नळावर पाच टोले दिले. थांबला. पुन्हा पाच. सिमेंट कुरकुरत होतं. खोल कुठेतरी पाणी ठिबकत होतं. तिसऱ्यांदा टोले देऊन त्यानं श्वास रोखला. पाणी, आणि पाणीच.

मागे वळला तर बाई दोरीखालून आत आली होती.

“काही नाही?”

त्यानं मान हलवली.

“मला द्या.”

असं कुणाला देत नसत. त्यानं हेडफोन तिच्या कानांवर बसवला. ती कितीतरी वेळ हलली नाही.

“हे टपटप काय वाजतंय?”

“पाणी. नळ फुटलाय कुठेतरी.”

“पाणी आहे?” ती म्हणाली. “मग प्यायला मिळत असेल तिला.”

त्यानं हेडफोन परत घेतला आणि साहेबांकडे गेला.

पथकाचे साहेब उचल-यंत्राच्या चालकाला खुणा करत होते. यंत्र एकच होतं, आणि ते दाराच्या बाजूला न्यायचं ठरत होतं.

“तिकडे पाच जण असायला हवेत, इकडे एक,” साहेब म्हणाले. “आवाज कुठूनच नाही. मग पाच बघायचे की एक?”

“साहेब, त्या कोपऱ्यात पाणी आहे. पाण्यावर माणूस काढतो दिवस.”

“पाणी सगळीकडेच गळतंय. माणूस ऐकलास का तू?”

पलीकडे चालकानं यंत्र सुरू केलं.

“कानवाल्या, ऐकलास का?”

“हो,” तो म्हणाला.

साहेबांनी पुढे एक शब्द विचारला नाही. त्याच्या शब्दावर कुणी विचारत नसे. यंत्राचं तोंड खिडकीकडे वळलं. आवाज आला, आवाज आला, असा दोरीपलीकडे एकच गलका झाला. म्हातारे गृहस्थ हात जोडून रडू लागले.

बाई मात्र रडली नाही. ती त्याच्याजवळ आली.

“मला तर पाणीच ऐकू आलं,” ती हळूच म्हणाली. “तुम्हाला कुठून आलं?”

 त्यानं वाकून पहिलं घमेलं उचललं. थोड्या वेळानं शेजारी तिचे हात आले. तिला बाजूला हो म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

उन्हं कलता कलता एक फळी सरकली. खाली फुटका नळ दिसला. त्याच्या थेंबांखाली, दोन विटांच्या मध्ये, जेवणाच्या डब्याचं झाकण उलटं ठेवलेलं होतं. तो पालथा पडला, हात घालून त्यानं ते अलगद बाहेर काढलं. अर्धं भरलेलं.

बाईनं झाकण हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा विझत गेला.

“हे आमच्या पोरीचं नाही,” ती म्हणाली. “तिचा डबा मी रोज घासते.”

तो त्या पाण्याकडे बघत होता.

“ताई, दोन दिवसांत हे भरून वाहायला हवं होतं.”

“म्हणजे?”

“कुणीतरी पितंय.”

ती उभी राहिली. झाकण तिनं परत त्याच्याकडे दिलं. त्यानं ते होतं तिथे, थेंबांखाली ठेवलं.

“कुणीतरी,” ती म्हणाली, आणि पुढच्या घमेल्यासाठी तिनं हात पुढे केले.