मला फक्त किटल्या दिसतात

बुधवारी सकाळी दहा वाजता मलेशियातल्या कोता भारू शहरातल्या एका इस्पितळात डॉ. ओंग यांनी एका म्हाताऱ्याच्या नाकात कापूस घालायचे ठरवले. म्हाताऱ्याच्या बायकोने त्यांच्या हातातली कापसाची गुंडाळी हिसकावली आणि दाराबाहेर भिरकावली.

"नाकात कापूस मेलेल्याच्या घालतात!" मेक जाह ओरडली. "माझा नवरा अजून जिवंत आहे. तुम्हाला कसली घाई झालीय?"

हे माझ्या दारात घडले. मी एक जुना एमआरआय स्कॅनर आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. पण माझ्यापाशी मित्र म्हणून कोणी येत नाही. जो येतो तो भेदरलेला असतो, माझ्या बोगद्यात पडून मला शिव्या देतो आणि मागे न बघता निघून जातो. मलाही त्यांच्याविषयी फारसा जिव्हाळा उरलेला नाही.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. पोटात एक प्रचंड चुंबक बसवून मला बोटीत चढवले. इथे पोचलो तर दार अरुंद, म्हणून भिंत फोडून मला आत घेतले. त्या दिवशी पिवळा भात शिजला, दुआ झाली, मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. 'हे यंत्र माणसाचे विचार वाचते,' असे दुसऱ्या दिवशी छापून आले. ते खोटे होते. छापण्याआधी मला कोणी विचारले नाही.

विचार मला दिसत नाहीत. मला रक्त दिसते. आमच्याकडे गावाबाहेर चामड्याच्या बाहुल्यांचा, सावल्यांचा खेळ लागतो. ढोल वाजला की कॉफीवाला किटल्या घेऊन तिकडे धावतो आणि लोक पितील त्याहून जास्तच कॉफी नेतो. मेंदूत तसेच चालते. पेशींचा एखादा पुंजका कामाला लागला की तो शेजारच्या बारीक रक्तवाहिन्यांना हाक मारतो. त्या रुंदावतात आणि काही क्षणांनी तिथे ताजे रक्त येते, गरजेपेक्षा जास्त. प्राणवायू गेलेले रक्त माझ्या कामात खोडा घालते, ताजे घालत नाही. म्हणून जिथे ताजे वाढते तिथून मला मिळणारा इशारा किंचित चढतो. त्या जागेवर पडद्यावर केशरी ठिपका रंगवतात आणि म्हणतात, बघा, इथे विचार चालू आहे. मला खेळ दिसत नाही, मित्रांनो. फक्त किटल्या दिसतात.

पुढे नव्या इमारतीत नवे यंत्र आले आणि माझे कौतुक संपले. माझी गादी फाटली, ती चिकटपट्टीने सांधली. वरची गळती प्लास्टिकच्या बादलीत पडते. मेंदूचे शल्यविशारद डॉ. रेडझुवान मला 'डबा' म्हणतात. नव्या यंत्राची रांग लांबली की त्यांचे रोगी माझ्याकडे येतात. नाकात कापूस घालायचा होता तो म्हातारा, पोक दिर, तसेच आले.

पोक दिर सावल्यांच्या खेळात सेरुनाई वाजवतात. सेरुनाई म्हणजे तुमच्या सनईची बहीण. त्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला, ओठ-जीभ हलवणाऱ्या आणि शब्द जुळवणाऱ्या जागेजवळ गाठ आहे. गुरुवारी डॉ. रेडझुवान ती काढणार होते. प्रश्न एवढाच होता, की किती रुंद कापायचे. गाठीच्या काठावर तोंड हलवणारी जागा असेल आणि तीही कापली गेली तर पोक दिर यांची वाचा जाईल आणि सेरुनाईही.

मंगळवारी पोक दिर माझ्यात पडून ओठ आवळत होते, समोर दाखवलेल्या चित्रांची नावे मनात घेत होते. पडद्यावर उजवी बाजू केशरी झाली. डावीकडे, गाठीभोवती, काळोख.

"झालं," डॉ. रेडझुवान म्हणाले. "काम उजवीकडे सरकलंय. डावीकडे मोकळी जागा आहे. मी मोठा काप घेतो."

"काळोख म्हणजे मोकळी जागा नव्हे," डॉ. ओंग म्हणाल्या. चित्रे वाचायचे काम त्यांचे. "गाठीशेजारच्या रक्तवाहिन्या बहिऱ्या होतात. पेशी हाक मारत असतील, वाहिन्या ऐकत नसतील."

"ओंगबाई, तुमच्या चित्रात काही दिसलं तरी शंका, नाही दिसलं तरी शंका. मग काढता कशाला?"

"उद्या श्वासाची परीक्षा घेते. मग बोला."

ती परीक्षा सोपी असते. माणसाने श्वास रोखला की कार्बन डायऑक्साइड वायू रक्तात साठतो आणि मेंदूतल्या सगळ्या वाहिन्या आपोआप रुंदावतात. त्यासाठी विचार करावा लागत नाही. अख्खे डोके उजळते. तेव्हाही जो भाग उजळत नाही, तिथल्या वाहिन्या बहिऱ्या समजायच्या. तिथला काळोख मग कशाचाच पुरावा राहत नाही. ढोल वाजत असेल. पूल वाहून गेल्यामुळे कॉफीवाला पोचला नसेल.

बुधवारी सकाळी पोक दिर यांना 'श्वास रोखा' सांगितले. त्यांनी गाल फुगवले. मी वाट पाहिली. काहीच उजळले नाही. डावे नाही, उजवे नाही.

डॉ. रेडझुवान काचेमागे हसले. "आता काय, सगळाच मेंदू बहिरा? भंगारवाल्याला बोलवा."

पोक दिर यांच्या छातीवर श्वास मोजणारा पट्टा बांधला होता; डॉ. ओंग यांचे लक्ष त्याच्या पडद्यावरच्या रेषेकडे होते. ती सपाट व्हायला हवी होती. ती बारीक बारीक हलत होती. त्यांनी माइक ओढला. "पोक दिर, श्वास रोखला होता ना?"

"रोखला की, बाई."

"मग छाती कशी हलतेय?"

"तोंड बंद होतं माझं. नाकाला कोण रोखणार? सेरुनाईचा सूर मधेच तुटला तर बाहुल्या नाचवणारा पडद्याआडून चप्पल फेकून मारतो. गालातली हवा फुंकायची, तोवर नाकानं नवी ओढायची. जन्मभर हेच केलंय. श्वास थांबवायचा कसा, ते येत नाही मला."

तेव्हा कापूस निघाला आणि पुढचे तुम्हाला माहीत आहे.

"मेक जाह, गप्प बस गं!" पोक दिर बोगद्यातून ओरडले.

"तुम्ही गप्प बसा! आयुष्यात एकदा श्वास बंद करायला सांगितला, तोही जमला नाही. सरा, मी धरते यांचं नाक. कधीची इच्छा आहे माझी."

माझ्या खोलीत येण्याआधी डोक्यावरच्या कापडाच्या टाचण्या काढाव्या लागतात. माझा चुंबक त्या गोळीसारख्या ओढून घेतो. त्यावरून पुन्हा भांडण झाले. "आधी नाकात कापूस, आता माझं डोकं उघडं करताय?" शेवटी तिने टाचण्या काढून कापडाला गाठ मारली. बांगड्या काढल्या. डॉ. ओंग यांनी तिच्या कानांसाठी बोळे पुढे केले. ते मात्र तिने मुकाट्याने घातले. मग ती माझ्या मागच्या तोंडातून खांद्यापर्यंत आत शिरली आणि त्याच्या डोक्यावर बसवलेल्या प्लास्टिकच्या पिंजऱ्याच्या फटीतून दोन बोटांनी नवऱ्याचे नाक दाबून धरले. माझ्या खडखडाटात ती मला काय म्हणत होती ते सांगत नाही.

या वेळी पट्ट्याची रेषा सपाट झाली. थोड्या वेळाने अख्खे डोके उजळले. फक्त डावीकडे, गाठीभोवती, एक काळे कडे तसेच राहिले.

"बघा," डॉ. ओंग म्हणाल्या. "इथे वाहिन्या कशालाच दाद देत नाहीत. कालच्या काळोखाला अर्थ नाही."

"म्हणजे तोंडाची जागा तिथे आहे, असं हे चित्र सांगतं?"

"नाही. तिथे काय आहे ते आपल्याला माहीत नाही, असं सांगतं."

"माहीत नाही, हे ऐकायला मी चित्रं मागवत नाही."

"मग त्यांना जागं ठेवून कापा. हलका विजेचा स्पर्श करत जा, बोलायला लावा. जिथे अडखळतील तिथे थांबा."

"आणि थांबलो, गाठ मागे राहिली, पुन्हा वाढली, तर त्याच्या बायकोला कोण सांगणार? तुम्ही?"

"मला काय सांगायचंय?" मेक जाह दारात उभी होती. बोळे हातात होते.

डॉ. रेडझुवान तिच्याकडे वळले. "आई, मोठा काप घेतला तर हे जास्त जगतील."

"आणि बोलतील?"

तोवर पोक दिर यांना बोगद्यातून बाहेर काढले होते. गादीवर उठून बसत ते म्हणाले, "बोलायचं सोडा, डॉक्टर. ही दोघांच्या वाटचं बोलते. माझे ओठ तेवढे ठेवा."

"तुम्हाला जगायचंय का वाजवायचंय?" डॉ. रेडझुवान यांनी विचारले.

"हे दोन वेगळे असतात का?"

टेबलावर दोन चित्रे होती. डॉ. रेडझुवान यांनी मंगळवारचे उचलले आणि ते निघून गेले. "हट्टी मेला!" मेक जाह म्हणाली. ती नवऱ्याला म्हणाली की डॉक्टरांना, ते मला कळले नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायची पद्धत आहे. माझी गादी शिवा, गळती थांबवा, असे मी म्हणू शकतो. तुम्ही ते करणार नाही. म्हणून एकच मागतो. माझ्या काळोखाला रिकामी जागा म्हणू नका. मी खोटे बोलत नाही. पण जे मी दाखवलेच नाही, ते नाहीच असे ठरवून तुम्ही सुरी उचलता आणि नंतर चूक माझ्या नावावर टाकता.

गुरुवारी सकाळी आठ वाजता शस्त्रक्रिया सुरू झाली. मेक जाह माझ्या दाराबाहेरच्या बाकावर बसली आहे. मांडीवर कापडात गुंडाळलेली सेरुनाई आहे. दुपारी शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोन आला: बुधवारचे चित्र तिथल्या पडद्यावर लावा. डॉ. ओंग यांनी ते ताबडतोब लावले.

"ते जागे आहेत का?" मेक जाहने विचारले.

"ते सांगितलं नाही," डॉ. ओंग म्हणाल्या.

त्यानंतर फोन आलेला नाही.