एकच बाही

रविवार जवळ आला की ताईला धास्ती पडायची. रविवारी धाकटा भाऊ गोष्ट न्यायला यायचा.

धाकटा तसा गुणी. आठवडाभर टायरच्या गोदामात राबायचा, उरल्या वेळात कथा लिहायचा. छापूनही यायच्या. फक्त कथेला लागणारा माल ताईच्या दुकानातून जायचा. जिन्याखालचं दुकान ते. एक मशीन, एक स्टूल, एक आरसा. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा झगा सैल कर. माप घेताना हात वर करून उभं राहिलं की माणूस आपोआप बोलायला लागतं. ताई ते सगळं मनात ठेवायची आणि रविवारी भावापुढे मांडायची.

आता ही शिवण इथेच उसवू, कारण ते दिवस फार जुने झाले.

हल्ली गिऱ्हाईकच कुठे होतं? जुना शर्ट नीट करण्यापेक्षा नवा स्वस्त. जे कुणी येत, ते फोनवर बोलत येत, पिशवी टेकवत आणि फोनवर बोलतच निघून जात. एका रविवारी ताई म्हणाली, "आज काही नाही रे." धाकट्याने अर्धा चहा तसाच ठेवला, आणि पुढच्या रविवारी तो फिरकलाच नाही. ताईला दुसरं माणूस नव्हतं. मग ती रचायला लागली.

रचताना जीव मेटाकुटीला यायचा. दोरीवर एक काळा कोट लटकत होता, न्यायला कुणी आलंच नव्हतं. ताई त्याच्याकडे बघत काजं करत बसायची.

बाई पहिली: नवरा वारला, त्याचा कोट घेऊन आली. छे, रडगाणं.

बाई दुसरी: कोट चोरलेला. मग ती मापाला कशाला उभी राहील?

बाई तिसरी: नवरा सोडून गेला, कोट राहिला. म्हणते, माझ्या मापाचा करून द्या. पण आज एकच बाही. दुसरीचं नंतर बघू.

इथे ताईचा हात थांबला. एकच का? तिला काही कळेना. पण बाई मात्र समोर उभी होती, ओठांत टाचण्या धरल्यासारखी गप्प.

रविवारी तिने ती तशीच धाकट्याला सांगितली. ती गोष्ट छापून आली आणि धाकट्याला लोकांचे फोन आले.

"ताई, मला त्या बाईला भेटायचंय."

"कशाला?"

"मोठं काहीतरी लिहितोय तिच्यावर. तिच्याच तोंडून ऐकू दे."

"ती काय मला सांगून येते?"

"मग कोट तरी दाखव. हाच ना?"

"हात लावू नकोस, दुसऱ्याची वस्तू आहे!"

"बरं बाई. पुढच्या रविवारी दाखव, पण नीट उजेडात."

उजेडात बघितला असता तर दोन्ही बाह्या सारख्याच दिसल्या असत्या. उभ्या जन्मात ताईने गिऱ्हाइकाच्या कापडाला त्याच्या शब्दाबाहेर सुई लावली नव्हती. त्या आठवड्यात लावली. कापलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. उजवी बाही चार बोटं आत दुमडली आणि बारीक टाक्यांनी बसवली. टाके नेहमीसारखेच सरळ पडले, हेच तिला फार लागलं.

रविवारी धाकटा कोट मांडीवर घेऊन बसला होता. बाहीच्या कडेवरून बोट फिरवताना त्याचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात दारात एक धिप्पाड गृहस्थ धापा टाकत उभे राहिले.

"मावशी, माझा कोट राहिला होता. आजारी पडलो, यायला जमलंच नाही. अरे, हाच की!"

त्यांनी तो घालूनही टाकला. डावी बाही मनगटावर, उजवी पार वर चढलेली. ते आरशात बराच वेळ बघत राहिले.

"मावशी, दुखण्यात माणूस आटतं, कबूल. पण माझा एकच हात वाढला कसा?"

"चुकलं माझं. बसा, आत्ता सोडून देते," ताई म्हणाली आणि उसवायला बसली.

"ताई," धाकटा पुढे सरकला, "ती बाई कुठंय?"

"कुठली बाई?" गृहस्थांनी विचारलं.

ताईने मान वर केली नाही. "नाहीये. मीच केली."

"आणि मागच्या गोष्टीतली, जुळ्यांच्या पँटी आणणारी आई?"

"तीही."

"त्याआधीचा मिशीवाला?"

"तो खरा रे, बापडा."

"म्हणजे मी नुसता लिहून घेणारा."

"आणि मी नुसती दमणारी. गोष्ट नसली की येतोस कुठे तू, लेखकराव?"

ताई एकेक टाका तोडत राहिली. गृहस्थ म्हणाले, "माझ्या कोटावर बाई उभी केलीत, तर निदान सांगा तरी, एकच बाही का?"

धाकटा पुटपुटला, "तो परत येईल, अशी आशा म्हणून. मी तसं लिहिलंय."

"ते मला पटलं नव्हतं," ताई म्हणाली.

"मग काय?"

ताईने सुटलेली बाही मांडीवर सपाट केली. घडीची रेघ राहिली होती, ती नखाने घासली. "दमली असेल रे. एका वेळी तेवढंच झेपलं असेल तिला."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. मग चहा न घेताच गेला.

पुढच्या रविवारी ताईने काही रचलं नाही. रचायचं कुणासाठी? सकाळ गेली, दुपार कलली. दुकान बंद करायला ती मशीनवर कापड घालणार, तोच धाकटा आत आला. हातात पिशवी.

"आज माझ्याकडे काही नाही," ताईने आधीच सांगून टाकलं.

"विचारलंय कुणी? जाकिटाची चेन गेलीय."

त्याने जाकीट तिच्यापुढे टाकलं आणि स्टुलावर बसला. आधी आरशाकडे बघत राहिला. मग कुणी न विचारताच सांगायला लागला. गोदामात हल्ली जिना चढताना दम लागतो. रबराचा वास अंघोळ केली तरी जात नाही. ती मोठी गोष्ट फाडून टाकली. रात्री कागद पुढे घेतला की डोळेच मिटतात.

ताई ऐकत होती. चेन केव्हाच बसली होती. तिने ती हळूच उसवली आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतली.