बंद टाकी

धाकट्या सुनेचा नवरा भंगाराच्या वखारीत गॅसकटर चालवायचा. वखार त्याच्याच थोरल्या भावाची. एका दुपारी थोरल्याने त्याला एक बंद टाकी कापायला लावली. आत गॅस शिल्लक होता. स्फोट झाला आणि धाकटा जागच्या जागी गेला.

चौकशीला आलेल्या पोलिसांना थोरल्याने सांगितलं, "प्यायला होता हो. किती समजावलं!"

जन्मात दारूला न शिवलेला माणूस मेल्यावर दारुडा ठरला. सासूनेही थोरल्याचंच खरं मानलं.

धाकटी माहेरी गेली नाही. तिने त्याच वखारीत काम मागितलं. वायरी सोलून तांबं काढायचं, नळांच्या पितळी तोट्या वेगळ्या करायच्या, खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी रचायच्या. तांबं पुन्हा मोटारींत जाई, पितळाचे नवे नळ होत, लोखंड भट्टीतून सळया होऊन निघे. ती मात्र डूख धरून बसली होती.

मग पुन्हा तशीच एक टाकी आली, तोंड गंजून बसलेली.

"आधी पाणी भरून आतला गॅस घालवून घेऊ का?" नव्या कटरवाल्याने विचारलं.

"रिकामी आहे रे! उगाच वेळ घालवू नकोस," थोरला खेकसला.

धाकटी उठली. कटरवाल्याच्या हातातला पेटता कटर घेऊन तिने थोरल्यापुढे धरला.

"रिकामी आहे ना, भाऊजी? मग तुम्हीच कापा."

"वेड लागलंय का तुला?"

"बरं, मी कापते." ती टाकीकडे वळली.

"थांब! आत गॅस असेल, सगळे मरू!"

"मग तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?"

"तेव्हा घाई होती मला! तोही म्हणत होता पाणी भरू म्हणून, पण..."

थोरल्याने जीभ चावली. उशीर झाला होता. कामगारांनी ऐकलं होतं, आणि जेवणाचा डबा घेऊन दारात उभ्या असलेल्या सासूनेही.

धाकटीने ज्योत विझवली आणि तडक पोलीस ठाणं गाठलं. कटरवाला साक्षीला तयार झाला. थोरल्याला अटक झाली, वखार मोडीत निघाली.

साक्षीच्या आदल्या दिवशी सासू तिच्या खोलीवर आली. पदर पसरून म्हणाली, "जबाब फिरव गं. तो एकच उरलाय मला."

"तुम्हाला एक तरी उरलाय, आई," धाकटी म्हणाली. "मला कोण उरलंय?"

दुसऱ्या दिवशी कोर्टात थोरल्याच्या डोळ्यांत डोळे घालून तिने सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. त्याने मान खाली घातली, तरी ती त्याच्याकडेच बघत राहिली.

घरी येऊन ती पोटभर जेवली. सासूची दया आली नाही. यायला हवी होती, असंही तिला वाटलं नाही.